सटवाईची पहिली पत्रिका

शाळेत हजेरी घेताना गुरुजी "समीक्षा" नेहमीच्या आवाजात म्हणत, "वडजे" हेही नेहमीच्या आवाजात. मधल्या "सटवाजी"पाशी मात्र त्यांची जीभ जराशी अडखळायची आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास फिस्सकन हसायचं. सटवी ही शिवी आपल्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येते. समीक्षा रडायची नाही, भांडायची. पुढे ती नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि भांडायचं सोडून मोजायला लागली.

मातीच्या प्रत्येक पिशवीत शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. दोन वर्षांत तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकेचाळीस सटवाजी आणि नऊ सटवाबाई जमा झाल्या. त्यातल्या सगळ्यांत धाकट्या सटवाजीचं वय सेहेचाळीस. म्हणजे हे नाव ठेवणं कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, थांबलं होतं.

एकदा मुदखेडहून रेल्वेतले एक निवृत्त बंगाली गृहस्थ परसातली माती घेऊन आले. चिठ्ठीवर नाव होतं षष्ठीपद. समीक्षाने सहज विचारलं, तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली. षष्ठी ही लेकरांची देवी. तिच्या मांडीवर मूल असतं, जवळ मांजर बसलेलं असतं. बाळाच्या सहाव्या दिवशी तिची पूजा होते आणि नशीब त्याच दिवशी लिहिलं जातं. त्यांच्या बिहारी शेजाऱ्यांची छठी मैया म्हणजेही तीच, असं त्यांचं ठाम मत होतं. समीक्षा ऐकत राहिली. इथून हजार-दीड हजार किलोमीटरवर आपली सटवाई मांजर पाळून बसली आहे, हे तिला फार आवडलं. त्या संध्याकाळी तिने आबांना फोन करून ते सांगितलं. आबा म्हणाले, "असंल. बाईला काय, एक घर हाय का?"

आबा म्हणजे सटवाजी रामलिंग वडजे. बिलोलीजवळच्या गावात त्यांची दहा एकर जमीन होती आणि त्यांच्या बांधावर बोरीखाली शेंदूर लावलेले पाच दगड होते. तीच सटवाई. आबांच्या आधी त्यांच्या आईला, साखराबाईला, तीन लेकरं झाली. तिन्ही बारशाच्या आत गेली. चौथ्या वेळी पाचवीच्या पूजेत तिने पाट्याजवळ कोरा कागद आणि बोरू ठेवला आणि देवीला सांगितलं, काय लिहायचं ते लिही, पण लांबलचक लिही. पोरगं जगलं. त्याचं नाव ठेवायचं काम उरलंच नव्हतं.

समीक्षाला यातलं विज्ञान ठाऊक होतं. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली की धनुर्वात व्हायचा आणि तो बहुतेक पहिल्याच आठवड्यात मूल न्यायचा. ज्या दिवसांत भीती सर्वांत जास्त, नेमकी तिथेच माणसांनी देवी उभी केली होती. हे कळल्यापासून तिला वडिलांचं नाव हास्यास्पद वाटेनासं झालं. आजीला मिळालेली ती पोच होती.

तिचं लग्न ठरलं लातूरच्या विश्वंभरशी. तो औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवायचा, कमी बोलायचा आणि बोलला की नीट बोलायचा. साखरपुड्यानंतर त्याच्या आईने, उमादेवींनी, एकच गोष्ट मागितली. पत्रिकेवर वधूपित्याचं नाव जरा चांगलं असावं. सतीशराव चालेल. स वरूनच आहे.

समीक्षाच्या कपाळाला आठ्या पडायच्या आतच आबांनी मान डोलावली. "चालंल की. सतीश तर सतीश. माझं काय जातंय?"

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "तुला चालतंय हे?"

"मला बाई दोन्ही नावं सारखीच," नीलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत एकबी घेतलं न्हाई तोंडानं."

आबांनी मात्र नव्या नावाचा सराव सुरू केला. लातूरच्या पाहुण्यांनी फोनवर "सतीशराव का?" म्हटलं की ते आधी मागे वळून बघत आणि मग घाईघाईने "हाव, हाव, मीच" म्हणत. समीक्षाने तीनदा विचारलं, "आबा, वाईट वाटत नाही ना?" तीनदा उत्तर एकच, "खुळी का काय? पोरीचं लगीन, अन् नावाला कवटाळून बसू?" त्यांचा आवाज इतका मोकळा होता की तिने विश्वास ठेवला.

एप्रिलमधल्या एका सोमवारी ती कामावरून सुटून मुनीबचाचांच्या छापखान्यात प्रूफ बघायला गेली. नांदेडच्या जुन्या बाजारातला तो छापखाना मुनीबचाचांच्या आजोबांचा. वडजेंच्या घरातलं प्रत्येक लग्न तिथेच छापलेलं. आत त्यांची बायको रईसाचाची खाली सतरंजीवर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रिकांना घड्या घालत होती.

"बेटा, दोन प्रूफं हायेत," मुनीबचाचा म्हणाले. "बघून घे."

"दोन कशी? मजकूर एकच दिला होता."

"एक साडेतीनशेचं. दुसरं एकाचं."

"एकाचं म्हणजे?"

चाचांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला.

"सांगून टाका ना," रईसाचाची मान वर न करता म्हणाली. "आठ दिवस झाले पोटात ठेवून राहिले. अपचन होईल."

समीक्षाने दुसरा कागद उचलला. तोच गणपती, तोच मुहूर्त, तीच नावं. फक्त वधूपित्याच्या जागी श्री. सटवाजी रामलिंग वडजे.

"मागच्या सोमवारी आले होते तुझे आबा," चाचा म्हणाले. "चहा घेतला, ऊन लई हाय म्हणाले, कापसाचं बोलले. उठताना म्हणतात, एकच पत्रिका येगळी छापून देता का? म्हटलं, भाऊ, एका पत्रिकेसाठी अख्खं मशीन लावावं लागतं. तर म्हणे, लावा. कोणासाठी, विचारलं. म्हणे, पहिली पत्रिका बाईपुढं ठेवावी लागती. तिच्यापुढं सतीश म्हणून कसा जाऊ? ती म्हणंल, हा कोण आलाय? माझा तर सटवाजी होता."

समीक्षाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अन् म्हणाले, पोरीला सांगू नका."

"मग सांगितलंत कशाला?"

"मी कुठं सांगितलं?" चाचा दुखावल्यासारखे म्हणाले. "प्रूफ दाखवलं. दाखवल्याशिवाय मी छापत नाही. उसूल हाय माझा."

रईसाचाची घडी घालायची थांबली. "हसू नको बेटा त्यांना. छट्टी तर आमच्यातबी करतात. आमच्या अमानची केली की. बाळबाळंतिणीला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, गोड केलं. कोणासाठी, ते कुणी विचारत नाही. सहावा दिवस निघाला, बस्स, त्याची खुशी."

"मी हसत नाहीये, चाची," समीक्षा म्हणाली. आणि खरोखरच तिला हसू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आबा होते, एकच पत्रिका पिशवीत लपवून बांधाकडे निघालेले. साडेतीनशे घरांत ते खोटं बोलायला तयार होते. एका ठिकाणी मात्र त्यांना जमलं नव्हतं. आणि तिने तीन वेळा विचारूनही तिला ते दिसलं नव्हतं. प्रयोगशाळेत ती एवढ्यावर निष्कर्ष काढायची नाही. चौथा नमुना मागायची.

"चाचा, छपाई गुरुवारपर्यंत थांबवता येईल?"

"शुक्रवारपर्यंत थांबतो. पुढं लग्नसराई हाय, मग माझ्या हातात काही नाही."

बुधवारी तिला तसंही लातूरला जायचं होतं. उमादेवींनी ब्लाऊजच्या मापाला बोलावलं होतं. विश्वंभरला फोन करावा असं तिला वाटलं, पण मग वाटलं, नको. तो आईशी बोलेल, आई आपल्याशी, आपण आबांशी, आणि प्रत्येक वळणावर काहीतरी सांडेल. सकाळच्या एस.टी.ने ती निघाली. अहमदपूर येईपर्यंत तिने बोलायची वाक्यं तयार केली आणि लातूर येईपर्यंत ती सगळी खोडली.

उमादेवींचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. जूनची तयारी सुरू झालेली. निळ्या पँटींचे ढीग, कॉलरांच्या चळती, दोन शिलाई मशिनींचा खडखडाट. गळ्यात टेप अडकवलेल्या उमादेवींनी तिला मागच्या खोलीत नेलं.

"हात वर कर."

समीक्षाने हात वर केले. टेप पाठीमागून फिरून पुढे आली. शरण आल्यासारख्या त्या अवस्थेतच ती म्हणाली, "काकू, पत्रिकेवर आबांचं खरं नाव छापलं तर चालेल का?"

टेप थांबली. "ते ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आबाच हो म्हणाले होते." आणि मग तिने त्या एका पत्रिकेचं सगळं सांगितलं. छापखाना, चहा, बाईपुढं सतीश म्हणून कसा जाऊ, सगळं. हात खाली घ्यायचे तिच्या लक्षातच आलं नाही.

"अगं, तुझ्यासाठीच म्हणलं मी ते," उमादेवी म्हणाल्या. "माझ्या नणंदा लई तिखट. उंबऱ्यावर पाय ठेवल्यापासून तुला सटवाजीची, सटवाजीची म्हणून टोचतील. मी पुरून उरले त्यांना. तू न्हाई उरायची."

"मी पहिलीपासून भांडतेय, काकू."

"अन् नावाचं एवढं काय असतं? माझं नाही बदललं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं वर उमादेवी लिहिलं, झालं. मला कुणी इचारलं?"

"आधी काय होतं?"

उमादेवींनी वहीत छातीचं माप लिहिलं. मग बाहीचं घेतलं, तेही लिहिलं. उत्तर येणार नाही असं समीक्षाला वाटलं.

"नागुबाई," त्या म्हणाल्या. "देगलूरकडची ना मी. आमच्याकडं घरटी एक नागुबाई. सासऱ्याला खेडवळ वाटलं."

"आता कुणी म्हणतं तसं?"

"आई म्हणायची. नागू, अशी हाक मारायची लांबून. ती गेली. परवा भावाकडं गेले, तर त्याची सून म्हणाली, उमाआत्या आल्या. बरं वाटलं मला, मानानं बोलली. मग जेवता जेवता एकदम वाईट वाटलं. कशाचं, ते कळंना." त्यांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. "हात घे की खाली, दुखतील."

बाहेर मशीन बंद पडलं. कुणीतरी दोरा मागितला. उमादेवी बाहेर गेल्या, रीळ देऊन आल्या आणि पडद्याशीच उभ्या राहिल्या.

"छाप."

"काय?"

"सटवाजी छाप. अन् बारीक नको छापू. लाजल्यावानी दिसतंय ते."

"आणि नणंदा?"

"त्यांचं मी बघते. त्यांच्या बापाचं पाळण्यातलं नाव मला ठावं हाय."

"काय होतं?"

"ते लग्नानंतर सांगीन," उमादेवी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच दोघी मोठ्याने हसल्या. "गळा किती खोल ठेवू, ते सांग आता."

शुक्रवारी समीक्षाने आबांना नांदेडला बोलावून घेतलं आणि थेट छापखान्यात नेलं. दारातूनच आबांनी मुनीबचाचांकडे डोळे वटारले.

"सांगितलं व्हय?"

"मी? प्रूफ दाखवलं फक्त," चाचा म्हणाले आणि नवं प्रूफ त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

आबा अक्षरावर बोट ठेवून वाचणारे. बोट आपल्या नावापाशी आलं आणि थांबलं. "हे तर बाईचं हाय."

"नाही आबा. हेच सगळ्यांचं आहे."

"लातूरवाल्यांचं?"

"त्यांचंही. काकूंनीच सांगितलं. मोठं छापा म्हणाल्या."

आबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. समीक्षाला त्यांचा चेहरा बाजूनेच दिसत होता. रईसाचाचीने पाण्याचा गिलास आणून ठेवला. तो त्यांनी उचलला, पण प्यायले नाहीत.

"किती टाकल्यात म्हणलात, मुनीबभाई?"

"साडेतीनशे."

"चारशे करा."

"आता? यादी तर केव्हाच झाली होती."

"झाली होती," आबा म्हणाले. "पर माझ्याकडची माणसं मी धरलीच नव्हती त्यात. माझ्या वर्गातली, तालमीतली, बिलोलीच्या बाजारातली. त्यांच्या हातात सतीशची पत्रिका कशी द्यावी? म्हणले असते, कोण हा सतीश? अन् म्या काय सांगितलं असतं?"

"म्हणजे तुम्ही त्यांना बोलावणारच नव्हता?" समीक्षाने विचारलं.

आबा पाणी प्यायले. गिलास रिकामा करून त्यांनी तो उपडा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला.

"पन्नास वाढवतो मग," मुनीबचाचा मशीनकडे वळत म्हणाले. "पुरतील ना?"

आबा मनातल्या मनात गाव फिरून आले. तालमीच्या बाजूने गेले, बाजारातून परतले.

"साठ करा," ते म्हणाले.