मोतीरामचे नंबर

"आधी मशीनले हार घाला," अध्यक्ष उत्तमराव म्हणाले. हार मोतीरामनेच घातला. शिपाई जेवायला गेला होता.

१९८६ सालचा कापसाचा हंगाम होता. जळगाव जामोदजवळच्या शिवतारा सहकारी जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसी बसला. मोतीरामला स्टूल मिळालं.

त्याआधी तो चार वर्षं पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहीत होता. तिथे फिरती खुर्ची होती, मोठे साहेब त्याला 'मोतीरामजी' म्हणत. एका सोमवारी त्याचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि चौकीदाराने त्याला डब्यासह फाटकापर्यंत पोचवलं. मोतीराम गावी परतला.

इथे त्याने दोन महिने खपून गाड्यांच्या नंबरांचा प्रोग्राम लिहिला. पूर्वी बैलगाड्या फाटकाशी तीन-तीन दिवस खोळंबत. आता नाव नोंदवलं की मापाचा दिवस आणि वेळ छापलेली चिठ्ठी मिळे.

"याच्यात काय लिवलं, भाऊ?" सुनगावच्या गोजरबाईने विचारलं.

"मंगळवार, दहा वाजता. तवरिक घरी जा, मावशी."

"अन् नंबर गेला म्हंजे?"

"नाई जात."

मंगळवारी साडेदहाला तिचा कापूस मोजून झाला. जाताना तिने काचेतून मशीनला हात जोडले.

पंधरा दिवसांनी उत्तमराव आत आले. "माह्या साडूच्या सात गाड्या येऊन राह्यल्या. त्याईले वर घे."

"तसं नाई होत, साहेब."

"काऊन नाई? तूच केलं ना हे?"

हे त्याने केलं आहे, असं तिथे पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

"मीच केलं," मोतीराम म्हणाला. "म्हणूनच नाई."

दुसऱ्या दिवशी त्याची बदली वजनकाट्यावर झाली. मशीनवर उत्तमरावांचा भाचा बसला. त्याला प्रोग्राम बदलता येईना, म्हणून चिठ्ठ्याच बंद झाल्या. फाटकाशी पुन्हा गाड्यांची रांग लागली. मध्ये घुसण्यावरून दोघा गाडीवानांची मारामारी झाली.

गोजरबाई दुसऱ्या खेपेचा कापूस घेऊन आली होती. तिने काट्याशी येऊन विचारलं, "मशीन बिघडली का, भाऊ?"

"मशीन बरी हाये, मावशी."

तिचे बैल सकाळपासून जुवाखाली उभे होते. गाडी सोडली की नंबर जाणार.

मोतीरामने काट्यावरचा खडू उचलला आणि तो फाटकाबाहेर गेला. कोण केव्हा आलं ते विचारत, शेजारच्याकडून खात्री करून घेत तो प्रत्येक गाडीच्या फळीवर आकडा घालत गेला. शेवटी उभ्या असलेल्या साडूच्या गाड्यांना त्रेचाळीस ते एकोणपन्नास आले. ऑफिसच्या खिडकीतून उत्तमराव पाहत होते. फाटकाशी एवढी माणसं होती, की ते खाली उतरले नाहीत.

गोजरबाईला एकोणीस नंबर मिळाला. तिने तो मोतीरामकडून वाचून घेतला, जू खाली ठेवलं आणि बैल पाण्यावर नेले. तिच्यामागून एकेक करत बाकीच्यांनीही गाड्या सोडल्या.