आधी दार, मग घर

माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःचं घर उभारावं, त्याशिवाय त्याला या पृथ्वीवर सावलीत बसण्याचा अधिकार पोचत नाही, असं तात्याबांचं ठाम मत होतं. हे मत ते रोज सकाळी ज्या ओसरीवर बसून मांडत, ती सासऱ्यांची होती.

तात्याबा न्हावऱ्यात घरजावई म्हणून आले. पुढं केस पिकले, सोसायटीवर निवडून आले, दोनदा पडलेसुद्धा. पण गावाच्या लेखी ते मारुतरावांचे जावईच राहिले. चौकात पाहुण्यानं पत्ता विचारला की उत्तर ठरलेलं, "मारुतरावांच्या घरी बघा. जावई तिथंच असत्यात." जणू तात्याबा ही तिथली एक खुंटी होती.

म्हणून त्यांनी रस्त्याकडेच्या रानात ओटा घालून घेतला आणि वरवंडच्या एका वर्कशॉपमधून तयार घर मागवलं. टेम्पोतून घर आलं ते तुकड्यातुकड्यांनी: नंबर घातलेल्या भिंती, छत, पोतंभर नटबोल्ट आणि एक नकाशा. एका दिवसात उभं राहतं म्हणे.

मुहूर्ताला सगळी भावकी जमली. नकाशाप्रमाणं पहिला नंबर बाथरूमच्या भिंतीचा होता, आणि दाराचा अगदी शेवटचा. तात्याबांनी नकाशा घडी करून खिशात घातला.

"घर मंजी आधी चौकट. तिची पूजा, मंग भिंती. बिनदाराचं घर कुणी बघितलंय का?"

"पर दाजी, बिनघराचं दार तरी कुणी बघितलंय?" मेहुणा गोकुळ म्हणाला.

गोकुळचं कुणी ऐकलं नाही. मोकळ्या रानात, उघड्या ओट्यावर एकटं दार उभं राहिलं. त्याला झेंडूचं तोरण लागलं, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं. मग गृहप्रवेश सुरू झाला. माणसं चपला काढून, रांग लावून, डोकं वाकवून दारातून जात आणि पलीकडच्या त्याच उन्हात उभी राहत. "ऐसपैस हाय हो!" असं प्रत्येकजण म्हणत होता, आणि ते खरंच होतं. गाय तेवढी बाजूनं आली. तिला रीतिरिवाज कुणी सांगितले नव्हते.

"अवं, ती दारातनं न्हाई आली!" तात्याबांच्या बायको वच्छलाबाई ओरडल्या.

गाईला माघारी नेलं. ती पुन्हा बाजूनंच आली. तिसऱ्यांदा गोकुळनं तिच्यापुढं पेंड धरली, तेव्हा ती दारातून आली आणि जाताना तोरण खाऊन गेली. शकुन उत्तम, असं सर्वानुमते ठरलं.

मग दारापासून दोन्ही अंगांनी भिंती चढल्या. हाताला लागेल ती पुढची. दहा जण नटबोल्टांवर पाने फिरवत होते, वीस जण सल्ला देत होते, बायका वाटाण्याची उसळ ढवळता ढवळता दोघांनाही हसत होत्या. दिवस कलायच्या आत छत बसलं. चूल पेटली, दूध उतू गेलं, टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर लोक आत हिंडू लागले. बैठकीत वीतभर झरोका होता. मोठी सरकती खिडकी, काच आणि जाळीसकट, रस्त्याच्या अंगाला, बाथरूममध्ये होती.

"दाजी, खोलू का? अर्ध्या तासाचं काम हाय," गोकुळ पाना हातात घेऊन म्हणाला.

"दूध उतू गेलं ना? पूजा झाल्यालं घर उसवत न्हाईत," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझी आंघोळ मी रस्त्याला दाखवायची न्हाई. जुन्या न्हाणीत करीन. तुमी बसा खिडकीत."

तात्याबा खरोखरच बसू लागले. सकाळी बाथरूममध्ये खुर्ची टाकून, पांढरी टोपी घालून, बशीतून चहा पीत. शिरूरला जाणारी एसटी तिथं वळणावर हळू होते. प्रवासी हात करतात, दूधवाले हॉर्न देतात.

"रामराम तात्याबा! काय चाललंय?"

"काय न्हाई. आपल्या घरी बसलोय."

'आपल्या'वर जोर असतो. परवा चौकात एका पाहुण्याला कुणीतरी चक्क "तात्याबांचं घर, वळणावर" असा पत्ता सांगितला. हे कानावर आलं त्या दिवशी तात्याबांनी अख्ख्या भावकीला जिलेबी वाटली, गोकुळला दोनदा.

ते रान मारुतरावांचं आहे.