दाराच्या आतल्या बाजूचा कागद

मित्रांनो, कपाटाला एक कुलूप असते. मला दोन आहेत. मी एक जुने सागवानी कपाट आहे आणि सध्या ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभे आहे. माझी दोन्ही कुलपे लागलेली आहेत. किल्ल्या कुठे आहेत, ते कोणालाच माहीत नाही.

माझे लाकूड शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. मला संगमनेरच्या लालमहंमद सुतारांनी १९७१ च्या दिवाळीनंतर घडवले. ते कामाला सावकाश आणि जिभेला तिखट होते. तालुक्याचे डॉक्टर मला पाहायला आले, तेव्हा सुतार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कुलपं दोन सांगितली, पण बिजागऱ्या बाहेरून बसवायला लावल्या. चोर म्हणंल, या, बसा!"

"चोराला दूध पावडर कशाला लागते, चाचा?" डॉक्टर हसले. "आणि आत बिजागऱ्या बसवल्या तर एक फळी कमी बसेल."

अशा रीतीने माझ्या बिजागऱ्यांचे सहा स्क्रू बाहेर राहिले. ते लक्षात ठेवा.

संगमनेरच्या पठारावरच्या एका गावात मला दवाखान्याच्या पडवीत ठेवले. मुंग्या चढू नयेत म्हणून माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले. त्या दिवसापासून कित्येक वर्षे मी जागचे हलले नाही.

दोन कुलपांचे कारण असे. त्या गावात क्षयाचे काही रुग्ण होते. इंजेक्शने आणि गोळ्या दवाखान्यात मिळत. दूध पावडर आणि गूळ-शेंगदाणे महिला मंडळाकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळत. जो सुई घेई तो दुधापर्यंत जात नसे. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन त्याला मळमळे, आणि मग तो सुईलाही येत नसे. जो दुधाला जाई तो खोकतच राही. डॉक्टरांनी ठरवले की दोन्ही वस्तू एकाच कपाटात राहतील. एक किल्ली दवाखान्याच्या पुष्पावती सिस्टरांकडे, दुसरी मंडळाच्या अध्यक्षा आक्काबाईंकडे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोघींनी मिळून कपाट उघडायचे.

तसा करार झाला. चार कलमे होती. तिसऱ्या कलमात लिहिले होते की रुग्ण एकदा चुकला, तर भिंतीवरच्या तक्त्यात दोघींच्या नावाखाली लाल फुली पडेल. आणि रुग्ण पूर्ण बरा झाला, तर त्याचे श्रेयही दोघींचे. कागद उन्हाने फिका पडू नये, पोरांनी फाडू नये, म्हणून दवाखान्याच्या कंपाउंडरने तो खळ लावून माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. दुसरी प्रत तालुक्याला गेली.

सगळ्यांना ती जागा फार सुरक्षित वाटली.

एक वर्ष मी चांगले काम केले. सिस्टरांची किल्ली कमरेच्या जुडग्यात असे, आक्काबाईंची गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. दोन कुलपे एकापाठोपाठ खट् खट् उघडली की माझे दार फिरे. आधी दूध, मग गोळ्या, मग सुई. रुग्णांमध्ये चांगुणा नावाची एक बाई होती. चार मैलांवरच्या वस्तीतून चालत येई. पहिल्या दिवशी तिला पडवीची एक पायरी चढवत नव्हती. अकराव्या महिन्यात ती डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, आता मीच तुमाला दूध पाजते, बसा." तक्त्यात आलेल्या दिवसाला निळी खूण पडे; तिची ओळ अखंड निळी होती.

मग बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या जानेवारीत माझ्या पायांखालच्या वाट्यांत घालायलाही पाणी उरले नाही. वाट्या कोरड्या पडल्या आणि मुंग्या आल्या. डॉक्टरांना दुष्काळी कामांवरच्या छावण्यांवर पाठवले. छबूबाई नावाची एक रुग्ण खडी फोडायला दूर निघून गेली आणि दोन आठवडे आली नाही. जाण्यापूर्वी डॉक्टरांनी तक्त्यात चार लाल फुल्या मारल्या. दोघींच्या नावाखाली.

त्या मंगळवारी आक्काबाईंनी किल्ली काढलीच नाही.

"माझ्या नावावर फुल्या का म्हनून? मंडळाचं काम दूध द्यायचं. बाईला आनायचं काम दवाखान्याचं."

"करारात दोघींचं लिहिलं आहे, आक्काबाई."

"न्हाई लिवलं. दाखवा कागद."

"कागद आत आहे."

"मग उघडा."

"तुमची किल्ली द्या."

"आदी कागद दाखवा, मग किल्ली!"

मित्रांनो, हसू नका. मलाही आधी हसू आले होते. पण पडवीत चांगुणा बसली होती, आणि तिची सुई माझ्या पोटात होती.

ती तशीच परत गेली. शुक्रवारी आली, परत गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. दोन्ही बायका आपापल्या जागी होत्या, दोन्ही किल्ल्या दहा पावलांवर होत्या, आणि मी बंद होते. सिस्टर म्हणाल्या, "कुलूप फोडलं तर सरकारी सामान फोडलं म्हणून माझी नोकरी जाईल. मी डॉक्टरांना कार्ड टाकलंय." उत्तर आले नाही. आक्काबाई म्हणाल्या, "मी दारोदार फिरून मान्सं गोळा केली, आन् फुली माज्या कपाळी?" खोटे दोघीही बोलत नव्हत्या.

मला आतले सगळे ठाऊक होते. औषधाच्या बाटल्या, दुधाचा डबा, मुंग्यांनी पोखरलेला गूळ. आणि तो कागद माझ्या दाराला आतून चिकटलेला होता. त्याचे अक्षर न् अक्षर मला कळत होते. चौथे कलम डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खाली वाढवले होते. उद्घाटनाच्या दिवशी ते वाचूनही दाखवले होते. पण वर्ष उलटले, आणि जिला जे सोयीचे तेवढेच तिच्या लक्षात राहिले. मी ओरडून सांगितले असते. कपाटाला आवाज असतो तो फक्त दाराचा, आणि माझे दार बंद होते.

डॉक्टर एकदा माझ्यासमोर म्हणाले होते की क्षयाचे जंतू अर्धे मारून सोडले तर उरलेले औषधाला सरावतात. मग तेच औषध त्यांना मारत नाही. प्रत्येक चुकलेल्या वाराला मी हेच मोजत होते. एक. दोन. तीन.

चौथ्या वारी, शुक्रवारी, चांगुणा आली ती खोकत. पदरात धरलेले तिने सिस्टरांना दाखवले नाही, पण ती माझ्यासमोर बसली होती, म्हणून मी पाहिले. पदर लाल होता.

"शिष्टरबाई, आज तरी?"

"आक्काबाईंना विचार."

"आक्का?"

"सिस्टरला इचार."

चांगुणा दोघींकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "कुलपं तुमची," ती म्हणाली. "स्क्रू कुनाचे हायेत?"

तिने कमरेचा विळा काढला, त्याचे टोक पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवले आणि फिरवले.

"अगं, काय करतीस!" आक्काबाई ओरडल्या.

"तुमच्या कुलपाला हात लावला का मी? गप बसा."

एक स्क्रू पडला. दुसरा. मध्येच तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबली, पुन्हा लागली. कोणी तिला अडवले नाही. सहावा स्क्रू निघाला, तसे माझे जड दार बिजागरीकडून सुटले आणि दोन कुलपांवर लोंबकळत तिच्या अंगावर झुकले. एका बाजूने सिस्टर धावल्या, दुसऱ्या बाजूने आक्काबाई. दोघींनी मिळून दार पेलले. कितीतरी दिवसांनी माझ्या आत उजेड आला.

दार असे तिरके धरलेले असताना आतला कागद सिस्टरांच्या तोंडासमोर आला. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली.

"काय लिवलंय?" आक्काबाईंनी विचारले. "फुलीचं काय लिवलंय?"

"फुली दोघींची आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण खाली चौथं कलम आहे. 'रुग्ण दारात असेल तर आधी कपाट उघडावे. वाद त्यानंतर.'"

एका हाताने दार धरून आक्काबाईंनी दुसऱ्या हाताने दुधाचा डबा काढला.

चैत्रात डॉक्टर आले. सगळे ऐकून त्यांनी नवा कागद लिहिला आणि तो माझ्या दाराच्या बाहेरच्या बाजूला लावला. त्यावर सिस्टरांची सही होती, आक्काबाईंची सही होती, आणि तिसरा चांगुणाचा अंगठा. त्या तीन चुकलेल्या वारांपायी तिचे औषध सहा महिन्यांनी वाढले. ती बरी झाली. छबूबाईचे काय झाले, ते मला माहीत नाही. तिची ओळ तशीच लाल राहिली.

पुढे दवाखान्याला लोखंडी कपाटे आली. सिस्टरांची राहात्याला बदली झाली. आक्काबाई थकल्या. मला इथे आणून टाकले, आणि कोणीतरी सवयीने दोन्ही कुलपे दाबून बंद केली. आता माझ्या आत जुन्या कागदाशिवाय काही नाही. बाहेरच्या कागदाची शाई मात्र उन्हाने पार उडाली. भीती होती तसेच झाले. पण तोवर तो साऱ्या गावाला पाठ झाला होता.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दोघा-चौघांनी मिळून काही काम कराल आणि त्याचा करार लिहाल. तो जपून ठेवा, पण आत ठेवू नका. ज्याच्यासाठी लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर लावा. आणि कधी या खोलीत आलात आणि मला उघडावेसे वाटले, तर किल्ल्या शोधत बसू नका. माझे सहा स्क्रू अजून बाहेरच्या बाजूलाच आहेत.