अळणी पेज

"केवळराम, देखो! पुन्हा उतरलं! शाब्बास!" काट्याची वजनं सरकवत डॉक्टर ताराचंद ओरडले.

काट्यावर बसलेली वच्छला खाली मान घालून हसली, आणि भिंतीशी उभी असलेली तिची सासू देवकाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

काटा धानाचा होता. गोंदियाच्या त्या धर्मादाय दवाखान्यात माणसं तोलायची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांनी स्टेशनपलीकडच्या एका राइस मिलमधून पोत्यांचा जुना काटा मागून आणला होता. बायका त्यावर चढायला लाजत. काही तर डोळे मिटूनच बसत, जणू उठल्यावर कोणी पाठीवर मिलचा शिक्का मारणार होतं. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. काटा खाली आला की ते लहान पोरासारखे खूश होत, आणि रोग्याबरोबर आलेल्या माणसांची तोंडं उतरत.

केवळराम या दवाखान्यात कंपाउंडर होता. मिक्श्चर घोटायचं, बाटल्यांना कागदी खुणा चिकटवायच्या, रडणाऱ्या पोरांना धरायचं, यात त्याची बारा-पंधरा वर्षं गेली होती. वच्छला त्याची बायको आणि देवकाबाई त्याची आई.

"काऊन गा, तुजा डाक्टर हासून राहिला?" देवकाबाईनं त्याला कोपऱ्यात ओढलं. "पोरगी वाळून काडी झाली नं! आनली तवा कशी भरून होती."

"माय, ते मांस नोहे. पानी होय."

"पानी! मानसाच्या अंगात कायचं पानी? विहीर होय काय ते?"

केवळरामनं समजावून सांगितलं. लहानपणी वच्छलेला सांध्यांचा ताप आला होता, त्यात तिच्या काळजाचं एक दार आखडलं. रक्त पुढे सरकत नाही, म्हणून पाणी पायात, पोटात, तोंडावर साचतं. थेंबांनी काळजाला जोर येतो, सुईनं पाणी लघवीवाटे जातं, आणि मीठ खाल्लं की ते परत साचतं. देवकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मुलगा शिकलेला, बोलेल ते खरंच असणार. पण डोळ्यांना काय करायचं? डोळ्यांना दिसत होतं की सुनेच्या गळ्याची हाडं वर आली आहेत.

डॉक्टरांचा आनंद फुकाचा नव्हता. नागपुरात शिकलेला हा माणूस बापाची पेढी सोडून हृदयाच्या मागे लागला होता. मोठ्या शहरांतले डॉक्टर म्हणत, असे रोगी महिनोन्‌महिने दवाखान्यातच ठेवायला हवेत. "इथे खाटा कुठे आहेत?" ताराचंद चिडून विचारत. "गरीब माणूस घरी राहून, आराम करून, अळणी खाऊन जगू शकतो, हे मला लिहून दाखवायचं आहे. छापून आलं ना केवळराम, तर हजारो बायकांचा फायदा." त्या लेखात वच्छला सगळ्यांत पुढे होती. ती आली तेव्हा डॉक्टरांनी बाजारातल्या फोटोवाल्याला बोलावून तिचा फोटो काढवला होता. आता पाणी उतरल्यावर दुसरा काढला. त्याच खुर्चीवर, त्याच भिंतीपुढे.

मग तिला गावी, कामठ्याला पाठवायचं ठरलं. केवळरामच्या गोंदियातल्या खोलीत ती दिवसभर एकटी पडली असती आणि पाणी भरायला उठली असती. कामठ्याला देवकाबाई होती. आणि देवकाबाईनं या सुनेला सून मानलंच नव्हतं. पोटी एकच मुलगा, मुलीची हौस राहून गेलेली. "हिला मूल होऊ द्यायचं नाही, जीव जाईल," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं चार दिवस तोंड फिरवलं आणि मग स्वतःच म्हणाली, "नातू नसला तं नसला. हे तं राहील." धान रोवण्याच्या दिवसांत गावातल्या साऱ्या बाया चिखलात वाकलेल्या असताना देवकाबाईनं सुनेला बांधीच्या काठावरसुद्धा जाऊ दिलं नाही. याहून जास्त कोणती सासू करील?

"थेंब चुकवू नको. आन् मीठ नाई, माय. कनभरही नाई," केवळरामनं निघताना बजावलं.

"नाई देत बापा. किती खेपा सांगशीन?"

सुरुवातीला तिनं खरंच दिलं नाही. वच्छला अळणी पेज गिळायची, अळणी डाळ गिळायची आणि ताटावरून अर्धपोटी उठायची. केवळराम दर रविवारी सायकल हाणत यायचा, तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहायचा आणि खड्डा राहत नाही हे बघून खुशीत परत जायचा.

मग पावसानं जोर धरला. रस्त्याचा राडा झाला, गोंदियात तापाची साथ आली, आणि दवाखान्याच्या ओसरीवरसुद्धा रोगी झोपू लागले. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, "केवळराम, आता सुट्टी मागू नको." त्यातच लेख टाईप होऊन मुंबईच्या डॉक्टरी मासिकाकडे गेला. केवळरामनं स्वतः पोस्टात नेऊन टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तो थेंबांची बाटली कामठ्याला पाठवी आणि निरोप विचारी. निरोप येई, "बरी हाये. आता अंग धरून राहिली."

अंग धरून राहिली! एरवी हे ऐकून कोणत्याही नवऱ्याला बरं वाटलं असतं. केवळराम कंपाउंडर होता, त्याला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण थकलेल्या माणसाला गोड बातमी उलगडून बघायची इच्छा नसते. त्यानं निरोप खिशात टाकावा तसा मनात टाकला आणि पुढची बाटली भरायला घेतली.

पोळ्याच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली. तो कामठ्याला पोचला तेव्हा बैल तळ्यावरून धुऊन आणले होते, त्यांची शिंगं रंगवणं चाललं होतं. देवकाबाई दारातच उभी होती. इतकी आनंदात त्यानं तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"ये बाबू. आता पाय तुजी बायको! कशी भरली ते पाय!"

वच्छला भिंतीला पाठ लावून बसली होती. सणाचं लुगडं, केसांत फूल. चेहरा गोल, तुकतुकीत. डोळे त्या गोलाईत आत गेले होते, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. त्याला पाहून ती हसली आणि हसता हसताच तिला धाप लागली.

केवळराम खाली बसला. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. ओल्या बांधीत पाऊल उमटावं तसा खड्डा तिथेच राहिला.

"माय," तो म्हणाला, "तू हिले मीठ देल्लं काय?"

देवकाबाईनं अपराध्यासारखं तोंड केलं नाही. उलट ती फुलली. "मंग? हाडं उरली होती नुसती. शेजारची रुख्मा तोंडावर बोलली मले, 'देवकाबाई, ढोरालेही मीठ चाटवतेत, तू सुनेले अळनी चारतं? पोटची पोरगी असती तं चारली असती काय?' माज्या जिवाले लागलं, बाबू. थोडं थोडं देल्लं. पेजीत टाकलं, लोनच्याची फोड देल्ली. पयल्याच आठवड्यात तोंडावर तेज आलं! तुज्या डाक्टरले दाखव म्हना, अंग कसं भरते ते."

केवळरामला ओरडायचं होतं. पण समोर आई अशा चेहऱ्यानं उभी होती, की त्यानं दाराशी जाऊन बाहेरच्या माणसांना हाक मारली.

"गाडी जुंपा," तो एवढंच म्हणाला. "गोंदियाले न्या लागते. आताच."

पण गाडी कोण जुंपणार? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो तीन घरी गेला. शेवटी शेजारचा सुखराम म्हणाला, "बैल नाई देत गा, केवळ. आमचे खांदे घे." चौघांनी बाज उलटी केली, दोऱ्या बांधल्या आणि वच्छलेला बसती ठेवून उचललं. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल तोरणाखाली उभे राहून बघत होते. त्या दिवशी सुट्टी बैलांना होती, माणसांना नव्हती.

केवळराम बाजेच्या बाजूनं चालत होता. गाव मागे पडल्यावर वच्छलेनं त्याची बाही धरली.

"आयका ना. मायले काई बोलू नका."

"तू काऊन खाल्लं वं? तुले तं समजावलं होतं मी."

"रोज पुढ्यात बसून खाऊ घालत होती. मी खाल्लं का तिचं तोंड कसं उजळे." श्वासासाठी ती थांबली. "मीच मागतलं म्हना. तिले कधी समजू देऊ नका."

गोंदियात पोचल्याबरोबर सुई दिली. पाणी उतरलं नाही. दुसरी दिली. डॉक्टर स्वतः उशाशी बसले. बैलांच्या शिंगांवरचे रंग जायच्या आत वच्छला गेली.

अंक आला तो उन्हाळ्यात. डॉक्टरांनी केवळरामला आत बोलावून टेबलावर ठेवला. गुळगुळीत कागद, वर ताराचंदांचं नाव, आणि मधल्या पानावर वच्छलेचे दोन फोटो. खालच्या इंग्रजी ओळीचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला नाही, पण केवळरामला तेवढं वाचता येत होतं. उपचारापूर्वी. उपचारानंतर, घरी, प्रकृती उत्तम.

"मी दुरुस्ती लिहून पाठवतो," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "पण काय लिहू? दवा बराबर होती. पथ्य? केवळराम, सच बताना. घरी पथ्य पाळलं होतं?"

बाहेर ओसरीवर पंखा घेऊन कोणी रोग्याला वारा घालत होतं. केवळरामला आईचं ते फुललेलं तोंड दिसलं. मग ते तोंड मुंबईच्या त्या गुळगुळीत कागदावर छापलेलं दिसलं.

"पाळलं होतं साहेब," तो म्हणाला. "बराबर पाळलं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली. पथ्य पाळूनही रोगी दगावला, म्हणजे दारच फार आखडलं असणार, असं त्यांनी लिहिलं. घरी पाठवायची रीत तशीच चालू राहिली. दुसऱ्याच आठवड्यात सालेकशाकडची एक पोर काट्यावर बसली होती. काटा खाली आला, डॉक्टर खूश झाले, आणि पोरीची सासू भिंतीशी उभी राहून रडायला लागली. केवळराम तिच्याकडे गेला. "बाई, अंग भरलं म्हनून..." असं काहीतरी म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलता येईना. ती म्हातारी त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली.

डॉक्टरांनी दिलेली एक प्रत घेऊन तो रविवारी कामठ्याला गेला. देवकाबाई आता फार खंगली होती. ती स्वतःपुरतंसुद्धा रांधत नसे.

"यात आपली वच्छला हाये?" तिनं पदरानं हात पुसून अंक घेतला. "काय लिवलं तिच्याबद्दल?"

"चांगलं लिवलं. घरच्याईनं लई काळजी घेतली म्हून लिवलं."

देवकाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "माज्या हातून काई कमी पडलं काय रे बाबू?"

"नाई माय. काई कमी नाई पडलं."

तिनं फोटोंवरून बोट फिरवलं. दुसऱ्या फोटोवर क्षणभरसुद्धा थांबली नाही. पहिल्यावर थांबली. "हा काप. देवाजवळ लावू. याच्यात कशी भरून दिसते, पाय. हा दुसरा नको, हा बिमारीतला होय."

केवळरामनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून कात्री आणली. गोल, तुकतुकीत, डोळे आत गेलेला तो चेहरा त्यानं कडेकडेनं नीट कापला आणि भाताच्या खळीनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवला. सवाशीण गेलेल्या सुनेच्या सुजलेल्या कपाळावर देवकाबाईनं बोटानं कुंकू टेकवलं. मग कितीतरी दिवसांनी चूल पेटवली, आणि पेजेचं पहिलं वाडगं मीठ घालून त्या फोटोपुढे ठेवलं.