पदराखालचं शूटिंग

“अजून लालच दिसतंय,” नाजनीन म्हणाली.

अमृत तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून स्क्रीनकडं बघत होता. करकंबच्या लग्नाच्या व्हिडिओची टाइमलाइन उघडी होती. हळद लागली होती, पंगती उठल्या होत्या, पाठवणीही झाली होती. मधे मंगलाष्टकांच्या जागी मात्र लाल चौकट आणि दोन शब्द : मीडिया ऑफलाइन.

“फोल्डर बदललं असंल. परत जोड की.”

“जोडलं. फाइल जागेवर आहे, पण उघडत नाही. शूटिंग चालू असताना बॅटरी गेलती का?”

“अक्षता पडल्या अन् लगीच गेली,” अमृत मान खाजवत म्हणाला. “सोड की ते. सांगोल्याच्या लग्नातल्या अक्षता टाक तितं. नुसते हात अन् तांदूळ. स्लो मोशन लाव, वरनं फुलं उधळ. कुणाला कळतंय?”

“नवरीला कळेल.”

“नवरीनं डोळे मिटलेले असतात, भाभी,” म्हणत त्यानं बॅग उचलली आणि तो एका साखरपुड्याला निघून गेला.

सात रस्त्याजवळच्या या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत नाजनीननं जिल्हाभरातली लग्नं कापली आणि जोडली होती. शूटिंगला मात्र ती कधी गेली नव्हती. नवी पेठेत एखादी बाई कडेवर मूल घेऊन समोरून आली, की तिला आठवायचं, ही पाठवणीच्या वेळी चप्पल विसरली होती. ओठांवर आलेलं हसू ती आवरायची. ती बाई तिला ओळखत नसायची.

एक शॉट तिला कधीच मिळाला नव्हता. अक्षता पडतानाचा नवरीच्या आईचा चेहरा. नेमक्या त्या वेळी आई चित्रातून नाहीशी व्हायची. कामात असेल, असं तिला सुरुवातीला वाटे. मग कुणीतरी सांगितलं, त्या वेळी नवरीच्या आईनं बघायचं नसतं, रीत आहे. तेव्हापासून ती हळदीतला आईचा ओल्या डोळ्यांचा शॉट उचलून तिथं लावायची. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

सांगोल्याचे हात तिनं लाल चौकटीवर आणून ठेवले, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

“अमृत फोटोवाल्याचं हितंच व्हय?”

दारात करकंबच्या नवरीची आई, सोजरबाई उभ्या होत्या. नाजनीननं त्यांना लगेच ओळखलं. पंगतीत वाढताना त्या पदर कसा खोचतात, हे आठवडाभर ती पाहत होती.

“म्या संस्कृतीची आई. करकंबास्नं आले. ही घ्या, घरची डाळिंबं.” पिशवी टेबलाखाली सरकवून त्या स्टुलावर टेकल्या. “समदं नगं दावू बाय. अक्षता तेवढ्या दाव. अंतरपाट सरला तवा पोरगी हसली म्हनं. समदी येऊन सांगत्यात. म्या कुटं बघितलंय? मागच्या खोलीत हुते की, भिताडाकडं तोंड करून.”

मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. “हे कुनाचे हात?”

नाजनीननं ते हात पुसून टाकले.

“मावशी, खरं सांगते. तो भाग बिघडलाय. दुरुस्त होईल का, ते आत्ता सांगता येत नाही.”

“बसते की मग.”

शूटिंग थांबवलं, की कॅमेरा फाइलच्या शेवटी कुठं काय आहे ते नोंदवतो. बॅटरी गेल्यानं ते राहून गेलं होतं. अशा वेळी दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. नाजनीननं पंगतीची दिली. चित्र आलं, पण हिरवी ठिगळं लावल्यासारखं. पंगत अमृतनं वेगळ्या सेटिंगवर घेतली होती. मग तिनं हळदीची दिली. पट्टी पुढं सरकू लागली. सोजरबाई दूध उतू जाईल की काय, अशा त्या पट्टीकडं बघत राहिल्या.

चित्र आलं. स्वच्छ. भटजींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

“मुकं आलंय,” नाजनीन म्हणाली. “आवाज गेला, मावशी.”

सोजरबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. “आवाज माज्यापाशी हाय. नुसता आवाज कसा घ्यायचा ते मला येत न्हाय. म्हनून शूटिंगच लावलं अन् धरला पदराखाली. अजून ऐकला न्हाय. चित्रासंगं ऐकावं म्हनलं.”

मोबाइलमधलं चित्र पूर्ण काळं होतं. त्याखाली लांबून लाउडस्पीकरवरची मंगलाष्टकं येत होती. नाजनीननं भटजींच्या ओठांशी पहिला शब्द जुळवला. शेवटाकडं येईतो आवाज मागं पडला. मोबाइल कॅमेऱ्यासारखा एकसारख्या वेगानं फ्रेम घेत नाही. तिनं ती फाइल एका वेगात बदलून घेतली आणि पुन्हा लावली. आता ‘सावधान’ ओठांवर आणि कानावर एकदमच आलं.

“बघा.”

हलगी कडाडली. अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या. संस्कृती हसली, पण नवऱ्याकडं बघून नाही. मान वळवून ती मांडवामागच्या बंद दाराकडं बघत होती. त्याच वेळी, हलगीपेक्षा कितीतरी जवळून, बांगड्या किणकिणल्या आणि कुणीतरी दाबून ठेवलेला हुंदका बाहेर पडला.

सोजरबाईंचा हात तोंडाशी गेला.

“तुमचा आवाज आलाय त्यात,” नाजनीन हळू म्हणाली. “काढता येतो. काढू का?”

“परत लाव.”

तिनं परत लावलं. सोजरबाई पुढं वाकल्या.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “ती तिकडंच बघतीया की.”

संध्याकाळी अमृत परतला तेव्हा सोजरबाईंना घेऊन करकंबची एसटी कधीच गेली होती. लाल चौकट नाही, हे बघून तो खूश झाला. एक डाळिंब फोडत त्यानं मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकली.

“लई भारी जमलंय, भाभी. पण शेवटी कोन रडतंय? तेवढा नॉइज काढ की.”

“बघितलं करून,” नाजनीन म्हणाली. “निघत नाही.”

आणि तिनं एक्स्पोर्टचं बटण दाबलं.