बाराव्या पानाचं भोक

"तळटीप काढा, हार्म्सबाई. जागा तुमचीच आहे," टीडेमान सर म्हणाले आणि प्लमच्या केकची बशी माझ्याकडे सरकवली.

माझ्या प्रबंधातली तळटीप क्रमांक दोनशे अकरा, सरांचा सगळ्यात मोठा शोध खोडून काढणारी. सहा वर्षं मी सरांच्या हाताखाली जुन्या जर्मन काव्यांची हस्तलिखितं वाचली. आमच्याकडे तेवढ्यात कायमची जागा मिळाली नाही, तर विद्यापीठ हातात नारळ देतं. माझी मुदत मार्चमध्ये संपत होती. आणि निवड समितीचे अध्यक्ष कोण? टीडेमान सर.

सरांची सगळी कीर्ती एका नावावर उभी होती. आडेलहाइड. चाळीस वर्षांपूर्वी मठातल्या एका पोथीच्या बाराव्या पानावर त्यांना हे नाव सापडलं, आणि काव्य एका बाईनं रचलंय असं त्यांनी जाहीर केलं. पुस्तकं निघाली, गावातल्या एका रस्त्याला तिचं नाव लागलं. वाचलं मात्र होतं पोथीच्या फोटोंच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर. पोथी दीड तासावरच्या ग्रंथालयात होती, पण महाराज कधी तिकडे फिरकले नाहीत.

मी गेले. पान उचललं तर तिथे भोक. कातड्याच्या पानांना असतात अशी भोकं. लिहिणारा त्यांना वळसा घालून पुढे जातो. आडेलहाइड दिसत होती ती त्या भोकातून, खालच्या पानावरची; फिल्मवर भोक कळतच नाही. आणि खालचं पान म्हणजे मठातल्या मयत नन्सची यादी. मलाही ती कवयित्री हवी होती हो! पण हवी म्हणून ती होत नाही.

"केक राहू द्या," मी म्हटलं. "समितीला पोथीसमोर बसवा."

"आम्ही काय पहिलीतली पोरं आहोत, चित्रं बघायला?"

"मग घाबरता कशाला?"

ते चिडले, आणि तिथेच फसले. गुरुवारी समितीचे पाचही जण वाचनकक्षात हजर. ग्रंथपाल ऑस्टरलोबाईंनी पोथी उशीवर ठेवली. मी बाराव्या पानाखाली कोरा पांढरा कागद सरकवला. नाव गेलं.

सरांनी कागद ओढून काढला. "ही काय, आहे की!"

मी परत सरकवला.

"पोथी आहे ती, पत्ते नव्हेत," ऑस्टरलोबाई करवादल्या.

"आता ओळ वाचा, सर," मी म्हटलं. "मोठ्यानं."

त्यांनी वाचली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावाशिवाय. ओळ वृत्तात चपखल बसली. नावामुळेच ती इतकी वर्षं लंगडत होती, आणि त्या लंगडण्याला सर 'कवयित्रीचं धाडस' म्हणत आले होते.

जागा मला मिळाली नाही. तीन विरुद्ध दोन. रडले, खोटं कशाला सांगू? जिन्यात सरांनी गाठलं.

"एका तळटीपेपायी काय मिळवलंत, हार्म्सबाई?"

"तळटीप काढली मी, सर," मी म्हटलं. "आता आख्खं पुस्तक लिहितेय."