दार लावायच्या सणाला उघडं दार

सगुलाबाई झिराडकरांच्या तोंडी लागायचं काम नाही, हे पिंपरीतल्या गल्लीला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. नवरा एलोजीराव औषधाच्या नव्या कारखान्यात फिटर. माणूस गरीब गाय. दोघं बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी, मूळचे अलिबागकडचे.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात तिकडून, इस्राएलहून, तार आली. एका खेड्यातल्या प्रार्थनामंदिरात लोक संध्याकाळच्या प्रार्थनेला उभे असताना बंदूकवाले आत घुसले. यहुदी आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा! सहा माणसं जागीच गेली. त्यांत एलोजीरावांचा तिकडे राहायला गेलेला धाकटा भाऊ दानियल होता.

दानियलला सगुलाबाईंनी सात वर्षांचा असल्यापासून पोटच्या पोरासारखा वाढवलेला. त्या धाय मोकलून रडल्या, सात दिवस सुतकात जमिनीवर बसल्या आणि आठव्या दिवशी पदर खोचून उठल्या. एलोजीराव मात्र उठलेच नाहीत म्हणा ना! कामावर जायचे ते जीव मुठीत धरून. घरी आले की दार बंद, वर लोखंडी अडसर.

भाद्रपदात उपासाचा मोठा दिवस आला. बेने इस्राएलांची जुनी माणसं त्याला दार लावायचा सण म्हणत. पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. दार लावून दिवसभर देवाची करुणा भाकायची. एरवी दोघं पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात जायची. यंदा एलोजीराव म्हणाले, "गर्दीत नको. घरीच करू."

सकाळी त्यांनी अडसर उचलला, तसा सगुलाबाईंनी हात धरला.

"अगं, आज तरी लावू दे. आपली रीतच आहे."

"रीत मला शिकवू नका. सासूबाई दार लावायच्या ते देवासाठी. तुम्ही लावताय ते बंदुकीच्या भीतीनं. देवाला काय एवढंही कळत नाही?"

"आणि कुणी आलं तर?"

"पिंपरीत कोण येतंय? समोरचे सोपानराव? त्यांना स्वतःची म्हैस आवरत नाही!"

"दानियललाही असंच वाटलं असेल," एलोजीराव हळूच म्हणाले.

सगुलाबाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी अडसर नवऱ्याच्या हातून काढून घेतला. मग म्हणाल्या, "वाटलं असेल. आणि कळलं असतं तरी तो प्रार्थनेला गेलाच असता. मी वाढवलाय त्याला."

त्यांनी दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि पांढरं लुगडं सावरून उंबऱ्याच्या आत बसल्या. एलोजीराव पोथी घेऊन पार मागच्या भिंतीशी सरकले.

समोरून मंजुळाबाई आली. "आवं वैनी, आज दार लावायचा सण न्हवं?"

"हो. पण यंदा उघडं."

मंजुळाबाईला तारेची गोष्ट ठाऊक होती. "बरं केलंत. शिवत न्हाई, पर हितंच बसते," म्हणाली आणि पायरीखाली सूप घेऊन बसली. पाठोपाठ तिचे सोपानराव काठी घेऊन हजर. "वैनी, राखणीला थांबू का?"

"काठी घरी ठेवा, सोपानराव. शेजारी म्हणून बसायचं तर बसा."

सोपानराव निमूट काठी ठेवून आले.

दिवस कलला. घशाला कोरड पडली, पण सगुलाबाई हलल्या नाहीत. कारखान्याची शिफ्ट सुटली, गल्ली सायकलींनी भरली. एवढ्यात मागे पावलं वाजली. एलोजीराव उंबऱ्याशी येऊन उभे राहिले होते. मेलेल्यांसाठीची विनवणी त्यांनी सुरू केली, आणि भावाच्या नावापाशी आवाज पार खाली गेला. "दानियल हसाजी झिराडकर..."

दोघाचौघांनी सायकली थांबवल्या. कुणीतरी डोक्यावरची टोपी नीट केली. सगुलाबाईंना असा काही अभिमान वाटला नवऱ्याचा, की डोळेच भरून आले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मोठ्यानं म्हणा," त्या म्हणाल्या. "लोक ऐकताहेत."